एकाच आईची दोघं

"दोघंही उपाशीपोटीच आलात ना?" सिस्टरने विचारलं.

"हो," बाळ्या म्हणाला. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, तरी थोरल्या बहिणीसाठी तो बाळ्याच.

"मी चहा-बिस्किट घेतलं," ताई म्हणाली.

खोटं होतं. रात्रीपासून पाण्याशिवाय तिच्या पोटात काही गेलं नव्हतं.

साखरेचा आजार रक्तातून पोराबाळांत कसा उतरतो, याचा अभ्यास या दवाखान्यात चालला होता. एकाच आईची दोन लेकरं हवी होती, एक मधुमेह असलेलं, एक त्यातून सुटलेलं. दोघांची जनुकं शेजारी ठेवून डॉक्टर फरक शोधणार होते. मधुमेह ताईला होता. भाऊ आहे का, असं त्यांनी विचारल्यावर ती 'आहे' म्हणाली खरी, पण फोन करायला तिने बरेच दिवस लावले. आईच्या शेवटच्या दुखण्यात 'पाहुण्यासारखा आलास' असं ती त्याला बोलून गेली होती. तेव्हापासून अबोला. काजं-बटणं करून पोट भरणारी बाई. दिवसभर तिच्याशी बोलायचं ते शिलाई मशीनने. फोनवर तिने फक्त रक्ताचं सांगितलं. तो म्हणाला, येतो.

आला, शेजारी बसला. उन्हाचं बोलला, बसच्या गर्दीचं बोलला. सुनेला दिवस गेलेत हेही सांगितलं, पण रांगेतल्या अनोळखी माणसाला सांगावं तसं. रक्त दिलं की हा उठणार आणि संपलं, हे ताईला दिसत होतं. म्हणून तिने तो न घेतलेला चहा घेतला.

"मग तुमचं पुढच्या आठवड्यात," सिस्टर म्हणाली. "यांचं आज घेऊन टाकते. यांना परत हेलपाटा नको."

हे काही ताईच्या डोक्यात आलं नव्हतं. जन्मात एकदा लबाडी केली, तीही धड जमली नाही.

रक्त दिल्यावर बाळ्याला बिस्किटांचा छोटा पुडा मिळाला. सिस्टर आत गेली. त्याने पुडा फोडून ताईपुढे धरला. तिने पोट भरल्याचं सांगितलं आणि हात मांडीवरच्या पिशवीखाली घातला. कपाळावर घाम आला होता.

"बघू," म्हणत त्याने हात बाहेर ओढला. "साखर कमी झाली की आईचा असाच थरथरायचा. उपाशी आहेस तू."

ताईने पिशवीचा बंद सारखा केला.

"मग खोटं कशाला बोललीस?"

"परत यावं लागलं असतं."

"कुणाला?"

ताईने बिस्किट घेतलं. बाळ्याने घड्याळ पाहिलं. खांद्याला अडकवलेली बॅग काढून त्याने मांडीवर ठेवली.

"खा. हात थांबेपर्यंत बसतो."

तिने बिस्किटाचा एवढासा तुकडा मोडला. पुढचा त्याहून लहान. दोघंही हाताकडे बघत होती. मेला हात, शहाण्यासारखा हळूहळू थांबला. ताईने तो पुन्हा पिशवीखाली सरकवला, पण तो थांबल्याचं बाळ्याने पाहिलं होतं.