चार शक्यता

निवृत्त गणित-शिक्षकांची लेक पुन्हा गरोदर होती. तिचे पहिले बाळ आनुवंशिक आजाराने दगावले होते. चार शक्यतांपैकी एक वाईट, असे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते.

"ती एक आमच्या वाट्याला येऊन गेली. आता उरलेल्या तिन्ही चांगल्याच ना, बाबा?" भाजी निवडता निवडता तिने विचारले.

नेमक्या याच चुकीसाठी त्यांनी तीस वर्षे मुलांचे गुण कापले होते. ते म्हणाले, "नाही गं पोरी. सगळ्या शक्यतांचा नमुना अवकाश दर खेपेला नव्याने मांडायचा. चारही शक्यता पुन्हा तशाच उभ्या राहतात."

"ठाऊक आहे. तुमच्याच वर्गात शिकले मी," ती मान खाली घालून म्हणाली. "आज एकदा तुम्ही चुकाल, एवढीच आशा होती."