तीन बोटं आणि एक मूठ

मी हॉकीच्या गोलकीपरचं हेल्मेट बोलतोय. शाळेच्या खेळाच्या खोलीत, लोखंडी कपाटात, कुलपाआड. दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येते, तेवढंच माझं आभाळ. मला घाई नाही. तुम्हीही सावकाश ऐका.

साच्यातून निघालो तेव्हा कामगाराने मला बुक्की मारून पाहिली. "टणक आहे गडी!" म्हणाला. मला शिंगंच फुटली. वाटलं, आपण असल्यावर कुणाच्या डोक्याला काय धाड भरतेय!

मला घालायची ती पोरगी म्हणजे चिमणी. एवढीशी म्हणून चिमणी. पण गोल अडवला की माझ्या जाळीतून अशी शीळ घालायची, की माझ्या कानठळ्या बसायच्या.

तिच्या संघाच्या सरांची एक रीत होती. कुणाच्या डोक्याला लागलं की पळत यायचे आणि बोटं दाखवून विचारायचे, "किती?" दरवेळी तीनच बोटं. पोरींना ते पाढ्यासारखं पाठ.

सेमीफायनलला चिमणी चेंडूवर झेपावली आणि समोरचीचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. माझ्या आत, स्पंजाखाली, चीर गेली. त्याचं काही नाही. पण मी थांबलो तरी तिच्या डोक्याच्या आत काहीतरी हिंदकळलं, ते मला कळलं. कवटी मी सांभाळली. आतल्या मेंदूपर्यंत माझा हात पोचत नाही. त्या दिवशी माझा टणकपणाचा तोरा उतरला.

सर आले. "किती?"

"तीन."

"शाब्बास! ऊठ, वाघीण."

तिचे डोळे मिटलेले होते. मला जाळीतून ओरडायचं होतं. पण देवाने मला तोंडच दिलं नाही.

तिची आत्या शिवणकाम करते. ती थेट मैदानात शिरली, माझा पट्टा सोडला आणि पोरीपुढे हात धरला. "किती बोटं गं?"

"तीन."

"अगं, मूठ आहे ही!"

"आत्याबाई, दहाच मिनिटं राहिलीत," सर म्हणाले.

"कापड फाटलं तर मी रफू करते, सर. ह्या डोक्याला कुठून रफू करू?"

सर बाजूला झाले. चिमणी दवाखान्यात गेली, सामना हातचा गेला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला धक्का बसलाय. ते सांगेपर्यंत खेळ बंद, मग खेळायचं तेही हळूहळू.

नवव्या दिवशी चिमणी इथे हजर. "सर, आता काही दुखत नाही. द्या ना हेल्मेट, गल्लीतल्या मैत्रिणींच्या स्पर्धेची फायनल आहे."

"आधी खिडकीतल्या उजेडाकडे बघ."

तिने मान वळवली आणि लगेच डोळे झाकून घेतले.

"घरी जा, बेटा. रागव माझ्यावर, पण जा." सरांनी कुलूप ओढून पाहिलं. कितीतरी वेळ ती दाराला टेकून रडत होती. ती बाहेर अडकलेली, मी आत. मधे एक पत्रा.

अडकलेला जो तो सुटका मागतो. मलाही गवताचा वास आठवतो. पण बाहेरून मी नवाकोरा दिसतो, आणि आतली चीर अजून कुणी पाहिलेली नाही. म्हणून विनवतो: डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिला खेळवू नका, ती कितीही रडली तरी. आणि मला बाहेर काढाल तेव्हा आधी स्पंज उचलून बघा. चीर दिसली की मोडून टाका मला. वाईट वाटणार नाही. पुन्हा एखादं लेकरू माझ्या भरवशावर उभं राहण्यापेक्षा ते बरं.