अडीचनंतरचा पिक्चर

कस्तुराबाईंनी आयुष्यात नऊ पिक्चर पाहिले होते आणि नवांपैकी एकाचाही शेवट पाहिला नव्हता. ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती. एक त्या स्वतः, आणि दुसरे त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटराव, ज्यांच्या कृपेने हे घडलं होतं.

त्याचं असं झालं. कस्तुराबाईंचं सासर चारठाण्याला आणि माहेर पोखर्णीच्या पुढे, फाट्यावरून दीड कोस आत असलेल्या वाडीत. दरवर्षी दिवाळीला त्या माहेरी यायच्या, पण भाऊबीजेला लुगडं घ्यायच्या नाहीत. लुगडी काय, चारठाण्यातही मिळतात, तू मला परभणीला नेऊन पिक्चर दाखव, असं त्यांनी एकोणऐंशी साली भावाला सांगून टाकलं आणि तोच शिरस्ता पडला. भाऊबीजेला सकाळच्या गाडीने बहीणभाऊ परभणीला जायचे आणि बाराचा खेळ धरायचे. पिक्चर निवडायचा मान बहिणीचा. तिला ताटातुटीचे, मायलेकरांचे, रडून रडून डोळे सुजवणारे पिक्चर आवडायचे, आणि असले पिक्चर तीनच्या आत काही आटोपत नसत.

इकडे वाडीला जाणारी एकुलती एक गाडी सव्वातीनला सुटायची. ती चुकली की ओवाळणी राहिली. म्हणून व्यंकटराव अडीचच्या ठोक्याला उठायचे. स्टँड टॉकीजपासून पाच मिनिटांवर होता, आणि ती गाडी पावणेचारच्या आत हललेली कुणाला आठवत नव्हती, पण एस.टी.च्या बाबतीत व्यंकटराव ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत. लग्नात मिळालेलं घड्याळ डोळ्यांशी नेऊन ते म्हणायचे, "आक्का, ऊठ." पडद्यावर कुणी फासावर चाललेलं असो की बोहल्यावर, कस्तुराबाई पदर सावरत, मागे वळून बघत बाहेर पडायच्या. त्यांना रागही यायचा. पण पिक्चर दाखवणाऱ्या भावाशी भाऊबीजेच्या दिवशी भांडायचं कसं, म्हणून त्या गप्प बसायच्या.

वाडीतल्या बायकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची भांडी झाली की व्यंकटरावांच्या दारालगतच्या ढाळजेत जाऊन बसायचं आणि कस्तुराबाईंच्या तोंडून पिक्चर ऐकायचा. कस्तुराबाई पिक्चर सांगायच्या म्हणजे पुरता उभा करायच्या. सासूचं बोलणं नाकातून, सावकाराचं पोटातून, आणि नायिका रडायला लागली की आधी एक मोठा श्वास. शेजारच्या चन्नबसम्मा तर त्या श्वासालाच रडायला सुरुवात करायच्या, कारण नंतर घाई नको. बाकी वर्षभर वाडीत बायकांसाठी करमणूक म्हणाल तर काहीच नव्हती, तेव्हा दिवाळीचा फराळ एक वेळ कमी झाला तर चालेल, पण कस्तुराबाईंचा पिक्चर चुकवायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

आणि शेवट? शेवटाचं पहिल्याच वर्षी घडलं ते असं.

पहिला पिक्चर मायलेकाचा होता. गरीब विधवा माय, तिचा लेक रुसून शहरात जातो, मोठा साहेब होतो, आणि म्हातारी त्याला शोधत भाकरीचं गाठोडं घेऊन रेल्वेच्या फलाटावर येऊन बसते. लांबून गाडीची शिट्टी ऐकू येते. नेमकं तिथंच व्यंकटरावांनी कोपर धरलं होतं. आम्ही तिथून उठलो, पुढचं मला ठाऊक नाही, असंच कस्तुराबाई सांगणार होत्या. पण समोर चतुराबाई बसली होती. चतुराबाई त्यांची लहानपणची मैत्रीण, गावातल्या गावात दिलेली. त्याच वर्षी अक्षय्य तृतीयेला तिचा लेक चंद्रभान बापाशी भांडून घर सोडून गेला होता. तेव्हापासून पत्र नाही, निरोप नाही. शिट्टी ऐकल्यावर चतुराबाईने हातातली सुपारी तशीच धरून ठेवली आणि कस्तुराबाईंकडे नुसती बघत राहिली.

त्या नजरेपुढे कस्तुराबाईंची जीभ वळली ती भलतीकडेच. गाडी फलाटाला लागली, त्यांनी सांगितलं, पहिल्या दर्जाच्या डब्यातून लेक उतरला, सुटाबुटासकट मायीपुढे मातीत बसला आणि गाठोडं सोडून शिळी भाकरी खायला लागला. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं, पण सांगणाऱ्याला एकदा सूर लागला की तो थांबत नाही. पहिला घास खाऊन लेक म्हणाला, "माय, मीठ जास्ती पडलंय." आणि मायीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

जेवताना मिठावरून कुरकुर करणारा पोरगा म्हणजे कोण, हे साऱ्या आळीला माहीत होतं. चतुराबाई खळखळून हसली. घर सोडून गेलेल्या पोराची आई सहा महिन्यांत पहिल्यांदा हसली, हे सगळ्यांनी पाहिलं.

झालं, त्या दिवसापासून कस्तुराबाईंना शेवट रचायची खोडच लागली. त्यांच्या शेवटांत कुणी मरत नसे. फासाचा दोर तुटायचा, बुडालेला पोहून यायचा. आणि नवा पिक्चर सांगून झाला की चतुराबाई दरवर्षी म्हणायची, आता तो मायलेकाचा सांग. मग तोही व्हायचा, मिठासकट.

अशी नऊ वर्षं सुखात गेली आणि अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीला व्यंकटरावांचा मुलगा बन्सीधर परभणीहून व्हीसीआर घेऊन आला. बन्सीधर तिकडे एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. टीव्ही आणि व्हीसीआर गोधड्यांत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर धरून त्याने आणले होते. यंदा परभणीला जायची धावपळ नको, भाऊबीजेला पिक्चरच घरी येईल, आत्याला शेवटपर्यंत निवांत बघता येईल, असं तो मोठ्या प्रेमाने म्हणाला. आधीच्याच आठवड्यात तो वाडीत आला असताना त्याने बायकांना विचारून ठेवलं होतं, कोणता पिक्चर आणू? बायकांनी एका तोंडाने सांगितलं होतं, मायलेकाचा. जुनी कॅसेट, पण परभणीत तीन दुकानं पालथी घालून त्याने ती मिळवलीच.

हे ऐकलं आणि कस्तुराबाईंनी हातातला लाडू परत ताटात ठेवला. खोटं उघडं पडणार, बायका हसणार, हे तर होतंच. पण त्यांना खरी काळजी चतुराबाईची होती. त्या फलाटावर पुढे काय होतं, ते त्यांना तरी कुठं माहीत होतं? लेक आलाच नाही तर? आणि तसं होण्याचीच शक्यता जास्त, कारण पिक्चरवाले बायकांना रडवून घरी पाठवतात, हसवून नाही, एवढं नऊ पिक्चरांत त्यांनाही कळलं होतं.

भाऊबीजेला सकाळी व्यंकटरावांना उटणं लावता लावता त्यांनी हळूच विचारलं, त्या पिक्चरमध्ये शेवटी काय होतं, तुला काही अंदाज? व्यंकटराव म्हणाले, "मला काय म्हाईत आक्का? मी कुठं पिच्चर बघत हुतो, मी घड्याळ बघत हुतो." त्या भावाचा राग कस्तुराबाईंना नऊ वर्षांत आला नव्हता इतका त्या क्षणी आला, आणि त्यांनी उटणं जरा जोरातच चोळलं.

मग त्यांनी बन्सीधरला गाठलं. सणासुदीचं रडकं कशाला, देवाचा पिक्चर लाव म्हणाल्या. तो म्हणाला, देवाचाही आणलाय आत्या, नंतर लावतो. डोकं दुखतंय म्हणाल्या, तर त्याने गोळी आणून दिली. शेवटची आशा लाईटची होती. वाडीतली लाईट रोज दुपारी एकला जायची आणि पाचशिवाय यायची नाही. कस्तुराबाईंनी देवापुढे हात जोडून लाईट जाऊ दे म्हणून मागितलं. असं मागणारी वाडीतली ती पहिलीच बाई असावी.

बाराच्या आत ढाळज भरली. खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला होता. वायर जोडण्यात सव्वाबारा झाले, आणि पिक्चर सुरू झाला. बायकांना इतक्या वर्षांत तो ऐकून ऐकून पाठ झाला होता, त्यामुळे पडद्यावरचे लोक बोलायच्या आत त्याच बोलत होत्या. चन्नबसम्मांचं मत पडलं की सासू कस्तुराक्काच चांगली करते, ही काही तेवढी खवट नाही. एरवी या बोलण्याने कस्तुराबाई फुलून आल्या असत्या. आज त्या कोपऱ्यात बसून व्हीसीआरवरचा बारका दिवा कधी विझतो ते बघत होत्या.

एक वाजला, लाईट गेली नाही. दीड वाजला. मध्ये चहा झाला. दोन वाजले. सण म्हणून लाईट सोडतात की काय कोण जाणे, पण त्या दिवशी ती हलली नाही.

आणि मग फलाट आला. म्हातारी, गाठोडं, धुकं. लांबून गाडीची शिट्टी झाली. कस्तुराबाईंची नजर दिव्यावरून पडद्यावर गेली. इथून पुढचं त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नऊ वर्षं रोज भाकरी थापताना त्यांना हेच जाणून घ्यायचं होतं. भीतीही वाटत होती आणि डोळेही हटत नव्हते.

तेवढ्यात पुढच्या ओळीतली चतुराबाई उठून उभी राहिली. टीव्हीच्या समोरच. "बन्सी, बंद कर," ती म्हणाली. "आमची एस.टी. सुटंल."

कुणाला काही कळेना. बन्सीधर म्हणाला, अगं मावशी, अर्धाच तास राहिलाय, आणि कसली एस.टी.? बाहेर ओसरीवर पडलेल्या व्यंकटरावांनी मात्र एस.टी. हा शब्द ऐकला आणि सवयीने घड्याळ डोळ्यांशी नेलं. "अडीच झालेत," ते तिथूनच म्हणाले. "उठा."

बायका हसायला लागल्या. चतुराबाई हसली नाही. मशीन नंतर चालव, ती बन्सीधरला म्हणाली, ही पडद्यावरची माणसं काय कुठं जात नाहीत, पण शेवट आम्हाला कस्तुरीच्या तोंडूनच ऐकायचा आहे. चन्नबसम्मांना ते लगेच पटलं. पडद्यावरचं लय भरभर होतं, नीट रडायला सवड मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होतीच. चार जणी हो हो म्हणाल्या, आणि बन्सीधरने कपाळावर हात मारून बटण दाबलं.

अंधाऱ्या ढाळजेत कस्तुराबाईंनी शेवट सांगितला. सुरुवातीला त्या अडखळल्या, पण गाडी फलाटाला लागेपर्यंत सूर सापडला. लेक उतरला, मातीत बसला, गाठोडं सुटलं. मिठाची जागा आली तेव्हा सगळ्या बायका एकदमच म्हणाल्या आणि धपाटाही एकमेकींच्या पाठीत घालून मोकळ्या झाल्या.

संध्याकाळी ओवाळणीचं ताट करायला चतुराबाई स्वयंपाकघरात आली. बाहेर व्यंकटराव टोपी घालून पाटावर बसले होते आणि किती वाजले ते दर दोन मिनिटांनी सांगत होते. कस्तुराबाईंनी निरांजनात वात ठेवली आणि वर न बघताच विचारलं, "तुला कसं ठाऊक, मी कुठून उठून आले ते?"

चतुराबाई सुपारी, अंगठी ताटात ठेवत होती. "लेकीनं दाखवला," ती म्हणाली. "सेलूला. दोन सालाखाली."

"पुरा?"

"पुरा. शिट्टीपर्यंत समदं तू सांगतीस तसंच हाय, म्होरं व्यंकटरावांची एस.टी. आली असंल, कळलंच मला."

दोन वर्षं. म्हणजे मागच्या दिवाळीला आणि त्याच्या आधीच्याही, ही बाई सगळं ठाऊक असून समोर बसली होती, तो मायलेकाचा सांग म्हणाली होती, आणि मिठाला हसली होती. कस्तुराबाईंना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, आपल्या मैत्रिणीबद्दल अशी माया दाटून आली की हातातलं तेल निरांजनाबाहेर सांडलं.

"मग बोलली का न्हाईस?" त्यांनी विचारलं. आणि मग, राहवलं नाही म्हणून, "माय मरती का गं?"

"मरती. पोरगं येतंय, पर लय उशिरा." चतुराबाईने सांडलेलं तेल पदराने पुसलं आणि ताट त्यांच्या हातात दिलं. "अन् मिठाचं तर कुणी नावच काढत न्हाई."