अक्काला सांगणे

मी एक जुनी दिनदर्शिका आहे. घरात मला सगळे कॅलेंडरच म्हणतात. माझं वर्ष सरलं, तरी बेळ्ळंदूरच्या या स्वयंपाकघरात नव्या कॅलेंडरच्या मागे, त्याच खिळ्याला मी लटकते आहे. श्यामलाबाई मला काढू देत नाहीत.

मित्रांनो, माझा जन्म कोल्हापूरच्या एका छापखान्यात झाला. बेळगावच्या खडेबाजारात कस्तुरीअक्कांनी मला विकत घेतलं, सुरळी करून रबर लावलं आणि बसने बेंगळुरूला धाकट्या बहिणीकडे, म्हणजे श्यामलाबाईंकडे पाठवलं. "तिथं मराठी कॅलेंडर कुठलं मिळायला," त्या दुकानदाराला म्हणाल्या. मिळतं. पण दर वर्षी त्या हेच म्हणत.

सुरुवातीला माझ्या चौकोनांत फक्त दूध किती घेतलं ते असे. बाकीचं फोनवर व्हायचं. संध्याकाळची मालिका संपली की दोघी बहिणी बोलायला बसत. मालिकेतल्या कारस्थानी सासूला त्या 'कात्री' म्हणत आणि नायकाला 'ओला पापड'.

"कात्री आज फारच गोड बोलली की गं."

"गोड बोलली म्हणजे उद्या कापणार बघ."

श्यामलाबाईंचा मुलगा शुभंकर चिडवायचा, "आई, ही मालिका कधी संपणारच नाही."

"चालू दे की. तुझ्या मीटिंगा तरी कुठं संपतात?"

मग श्यामलाबाईंच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्या घरी आल्या, तोवर तिकडे अक्कांना अर्धांगाचा झटका आला होता आणि त्यांची वाचा गेली होती. शुभंकर म्हणाला, "मावशीला बोलता येत नाही गं. तुला डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की घेऊन जातो."

"मग लिहून ठेवते," श्यामलाबाई म्हणाल्या. "एक जरी भाग विसरले तरी अक्का मला सोडायची नाही."

त्या दिवसापासून दुधाखाली माझ्यावर आणखी ओळी येऊ लागल्या.

*दूध १. कात्रीने दागिने लपवले. पिठाच्या डब्यात. कुणी ठेवतं का तिथं? अक्काला सांगणे.*

*दूध १. रेडिओवर नाट्यगीत. अर्ध्यात लाइट गेली. उरलेलं मीच म्हटलं. अक्काला सांगणे.*

*दूध नको. सोनमने मोबाइलवर पेटी वाजवणारं मांजर दाखवलं. खरं नसावं. तरी सांगणे.*

*दूध १॥. वॉचमन नागराजअण्णांच्या फोनवर ते जुनं कन्नड गाणं. शाळा बुडवून पाहिलेला पिक्चर. तिकिटं कुणी काढली होती? अक्काला विचारणे.*

एका संध्याकाळी शुभंकर स्वयंपाकघरात आला आणि त्याने नळ मोठा सोडला. बायकोला, सोनमला, हळूच म्हणाला, "मावशी गेली."

"आईंना सांग."

"डॉक्टर म्हणालेत, धक्का नको. स्वल्प दिवस जाऊ देत."

दिवस जात राहिले. माझी पानं उलटत राहिली. *अक्काला सांगणे. अक्काला सांगणे.* मित्रांनो, मला तोंड असतं तर!

पुढे एकदा फोन बघता बघता शुभंकरने सोनमला हाक मारली. मालिका संपणार असल्याची बातमी होती; ती संपली की आई मावशीकडे न्यायला सांगणार होती.

"इतके दिवस नावं ठेवलीस," सोनम म्हणाली. "आता मालिकावाल्यांना पत्र लिही, चालू ठेवा म्हणून."

मालिका संपली. श्यामलाबाईंनी मला खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं.

"शुभू, संपली बघ. कात्रीनं सुनेचे पाय धरले. आता डॉक्टरांना विचारून तिकिटं काढ. अक्काला सगळं एकदम वाचून दाखवते."

"आई," शुभंकर म्हणाला, "मावशी नाही गं आता."

त्या रडल्या नाहीत. कधी, एवढंच विचारलं. त्याने माझी पानं मागे उलटली आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. श्यामलाबाईंनी चष्मा लावला आणि वाचलं.

*दूध १. ओला पापड घोड्यावरून मांडवातच पडला. इतकी हसले की सोनमने पाणी आणून दिलं. अक्काला सांगणे.*

त्यांनी चष्मा काढून माझ्यावर ठेवला.

"मी हसत होते रे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दोघांना ठाऊक होतं, आणि मी हसत होते."

त्यानंतरचे माझे चौकोन असे आहेत:

*दूध १.*

*दूध १.*

*दूध १.*

मित्रांनो, माझी पानं वह्यांना घाला, फडताळात अंथरा, माझी हरकत नाही. एकच मागणं आहे. आपल्या माणसाला जरूर जपा, पण त्याच्या वाट्याचं दुःख नळ सोडून त्याच्यापासून लपवू नका. त्याचा हात धरा आणि त्याच दिवशी सांगा. माझा तो चौकोन लहान होता, पण श्यामलाबाईंना रडण्यापुरती जागा त्यात होती.