चिंध्यांचा कठडा

“हलतोय? कुठं हलतोय कठडा?” मालक जिन्याच्या माथ्यावर उभे राहून म्हणाले. “मास्तर, वहिनींना चक्कर आली असेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.”

आमच्या त्या कठड्यावर कावळा बसायचाच नाही. एकदा एक बसला, तर त्यालाच चक्कर आली आणि तो भिंत धरून चालत गेला. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मास्तर म्हणजे वरच्या खोलीत भाड्यानं राहणारे शिंपी. कठडा दुरुस्त करा म्हणून मालकांना सांगून सांगून त्यांची जीभ झिजली. शेवटी कुणी हात टेकू नये म्हणून त्यांनी त्याला रंगीत चिंध्या बांधल्या. इतक्या, की पोस्टमनला वाटलं घरात लग्न आहे. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, तर सगळं ठाऊक होतं. पण तोल गेला की हात काही विचारून पुढे जात नाही. शिवलेले पडदे घेऊन निघाल्या, पाय सटकला, आणि कठड्यासकट खाली आल्या. खुबा मोडला.

मालकांनी लगोलग माणूस पाठवला. सुतार नव्हे, रंगारी! त्यानं चिंध्या काढून टाकल्या, कठडा दोन खिळ्यांवर उभा केला आणि वर हिरवा रंग फासला.

वहिनी आता काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात. डॉक्टर म्हणाले, धरायला पक्का कठडा असेल तरच जिना उतरा. म्हणून मास्तरांनी आज मालकांना बोलावलं होतं, आणि साक्षीला शेजारी म्हणून मला.

“ह्यांची साक्ष?” मालक खदखदून हसले. “ह्यांची शेळी म्हणे इंग्रजी बोलायची!”

“समजायची,” मी म्हटलं. “बोलायची नाही.”

मालक येण्याआधी मी मास्तरांना बजावलं होतं, “तो मिजाशीत कठड्याला टेकणार. टेकू द्या. तुम्ही तोंड शिवून बसा, धंदाच आहे तुमचा.”

आणि झालंही तसंच. “दगड आहे दगड!” म्हणत मालक पाठमोरे होऊन कठड्यावर रेलले. खिळा किरकिरला.

मास्तरांनी झेप घेतली, मालकांची बाही धरून त्यांना खसकन आत ओढलं. “अहो, पडाल ना!”

मालक पांढरेफटक. कठडा मात्र, द्वाड मेला, जागच्या जागी उभा.

“पडला का कठडा?” मालकांना हळूहळू कंठ फुटला. “नाही ना? मग झालं तर! उगाच माणसाला घाबरवता.”

बाहीचं बटण मास्तरांच्या मुठीत राहिलं होतं. “थांबा मालक, लावून देतो,” ते म्हणाले. मालक हात पुढे करून गुमान उभे राहिले. मास्तरांनी चार टाके घातले, दोरा दातानं तोडला.

मग मालक खाली उतरले. कठड्याला बोटही न लावता, भिंतीला खेटून, पायरी चाचपत. त्या कावळ्यासारखे.

“मास्तर, काय केलंत हे!” मी म्हटलं.

“काय करू हो? हातच गेला.”

आतून वहिनींनी विचारलं, “गेले का ते? मग मी कधी उतरायचं खाली?”

कातरणांच्या गाठोड्यातून मास्तरांनी एक लाल पट्टी निवडली आणि कठड्याला बांधली. हिरव्यावर नीट दिसते का, ते दोन पावलं मागे सरून पाहिलं. मग दुसरी पट्टी शोधायला आत गेले.