बाहीतलं वजन

पेटंट कचेरीत अर्ज तपासता तपासता केस पिकलेल्या व्हर्लीन टॉलिव्हरला हा अर्ज वाचून आधी हसूच आलं. थरथरत्या हातांसाठी बाहीच्या काठात शिवलेलं वजन. म्हणे नवा शोध! तिच्या आईनं बाबांच्या रविवारच्या शर्टाला हेच तर केलं होतं. काठात शिशाचे छर्रे शिवले, आणि चर्चमधल्या प्रभुभोजनाचा प्याला बाबांच्या थरथरत्या हातात पुन्हा स्थिरावला.

तिनं अर्ज फेटाळला. एका जुन्या पेटंटात व्यायामाचे जड मनगटपट्टे होते, दुसऱ्यात थरथरत्या हातासाठी जड दांड्याचा चमचा. दोन्ही एकत्र आणणं कुणालाही सुचावं, आणि सहज सुचेल त्याला पेटंट नाही. पण का सुचावं, हे दाखवणं कचेरीच्याच गळ्यात. घाईघाईत तिनं लिहिलं: बाहीत शिवलं की पट्टा काढ-घाल करायला नको.

कंपनीचा वकील फोनवर गोड हसला. "मॅडम, हे कारण आमच्याच अर्जात आहे. आमचंच वाचून वर हे कुणालाही सुचेल म्हणताय होय?"

"मला लहानपणापासून ठाऊक आहे ते."

"मग तसं शपथेवर लिहा की."

तिनं लिहिलं. उत्तरादाखल कंपनीनं नामांकित डॉक्टरांची शपथपत्रं जोडली: असं कुणाला सुचलेलं आमच्या पाहण्यात नाही.

तिचा साहेब ड्रमंड माणूस वाईट नव्हता. "व्हर्लीन, तो शर्ट टेबलावर आणून ठेव. पुढचं मी बघतो."

"त्यातच पुरलंय बाबांना."

"फोटो?"

"फोटोत बाही दिसते, साहेब. छर्रे आत."

"मग सही कर, बाई. सिद्ध करायचं ओझं आपलं आहे, त्यांचं नाही."

तिनं मंजुरीवर सही केली.

रविवारी पास्टरांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यात शिरलं. ऑर्गन त्यांच्या मागून धावू लागला. "प्रभूनं केलं ते कुणी पाहिलं? साक्ष कोण देईल?"

"मी देईन!" अख्खं चर्च उठलं. एरवी सगळ्यांच्या वर चढणारा व्हर्लीनचा आवाज आज त्यात नव्हता.

शेजारी बसलेले ओबेडकाका वाकून म्हणाले, "काय गं, माझ्या बाह्या शिवणार होतीस ना? का सुई मोडली?"

"नाही जमायचं, काका." ती युक्ती आता कंपनीची, असं तिनंच तर सही करून दिलं होतं.

प्याला आला. काकांनी दोन्ही हातांनी धरला, तरी द्राक्षरस पांढऱ्या बाहीवर सांडलाच. रुमालासाठी तिनं पर्समध्ये हात घातला, तर बोटांना आधी छर्र्यांची पुडी लागली. ती बाजूला सारून तिनं रुमाल काढला आणि काकांची बाही पुसत राहिली.