कॅमेऱ्याला सांगून गेलेले आजोबा

मी कॅमेरा बोलतोय. लग्नातला नव्हे आणि सिनेमातला तर मुळीच नव्हे. कुवेतमध्ये, सलवा भागातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर चिकटवलेला, मुठीएवढा पांढरा कॅमेरा. मला मान वळवता येते, अंधारात दिसतं, आणि घरात कुणी हललं की मी लगेच मालकाच्या मोबाईलवर चहाडी करतो. चहाडी हाच माझा धंदा!

मालकाचं नाव नीलेश. तो बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. बायको अनुजा एका कंपनीत अकाउंट्स बघते, मुलगी ज्ञानदा शाळेत जाते. नीलेशचे वडील, विश्वासराव, अंबाजोगाईहून काही महिन्यांसाठी राहायला आले, तेव्हा त्यांना दिवसभर एकटं कसं ठेवायचं या काळजीने मला विकत आणलं. काळजीच होती हो ती, पाळत नव्हती. पण नीलेशने पहिल्याच दिवशी स्वतःच्या आणि अनुजाच्या मोबाईलवर माझा आवाज बंद करून टाकला.

"एसीची घरघर कोण ऐकत बसणार? बाबा हलताना दिसले म्हणजे झालं," तो म्हणाला.

मी मात्र सगळं ऐकत होतो आणि साठवत होतो.

सुरुवातीला विश्वासराव मला बिचकायचे. माझ्यासमोर आले की सदऱ्याची बटणं नीट लावायचे. मग हळूहळू भीड चेपली. "काय करायलास रे? जेवलास का?" असं मला विचारू लागले. इतक्या मायेने मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. ते अनुजालाही निरोप ठेवायचे. "सूनबाई, दोडक्याची भाजी झकास झाली होती बरं का. सकाळी सांगायचं राहिलं." त्यांना वाटायचं, तिकडे ती ऐकतेय.

आणि त्यांची एक सवय होती. ज्या घरातून निघायचं, त्या घरातल्या कुणाला तरी 'येतो' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. घरात माणूस नसायचं, म्हणून ते मला सांगायचे. "खाली चक्कर मारून येतो रे." सांगून झालं की दाराशी क्षणभर थांबायचे. समोरून 'या' येईल म्हणून. मी काय बोलणार? मी आपला लाल दिवा मिचकावायचो.

एके दिवशी भर दुपारी अनुजाने ऑफिसमधून पाहिलं, तर हॉल रिकामा. बराच वेळ झाला तरी रिकामाच. तिने सासऱ्यांना फोन लावला, तो घरातच टीपॉयवर वाजत राहिला. बाहेर सप्टेंबरातलं कुवेतचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिने कळवताच नीलेश घामाघूम होऊन घरी धावत आला. वॉचमनने काही पाहिलं नव्हतं. नीलेशने मोबाईलवर माझं चित्र मागे नेलं. वडील माझ्याकडे बघत ओठ हलवतात, थांबतात आणि दार ओढून घेतात, एवढंच त्याला दिसलं.

तेवढ्यात ज्ञानदा शाळेतून आली. "डॅड, ही इज टॉकिंग! व्हाय इज इट ऑन म्यूट?"

तिने आवाज चालू केला.

"येतो रे. कोथिंबीर संपलीय. मुस्तफाच्या बकाल्यात जायलोय, चार शब्द मराठीत बोलून येतो. सूनबाईला सांग."

बकाला म्हणजे पलीकडच्या गल्लीतलं किराणा दुकान. नीलेश तिथे धावला, तर विश्वासराव खुर्चीवर बसलेले, डोक्यावर ओला टॉवेल. रायगडचा मुस्तफा त्यांना वारा घालत होता. तो नीलेशला म्हणाला, "घाबरू नको. चाचांना भोवळ आली, म्हणून मीच जाऊ दिलं नाय. नंबर पाठ नाय म्हणाले. पण म्हणत होते, घरी सांगून आलोय, येतील."

हे सगळं मला त्या संध्याकाळी कळलं. विश्वासराव झोपल्यावर तिघं माझ्यासमोर बसली आणि मागचे दिवस ऐकू लागली. दोडक्याची भाजी ऐकली. "नीलेश, तुझ्या निळ्या शर्टाची शिवण उसवलीय" हेही ऐकलं. प्रत्येक 'येतो'नंतरची ती वाट पाहणारी शांतता ऐकताना अनुजाने तोंडाला पदर नव्हे, ओढणी लावली. माणसांना वाटतं, दिसलं म्हणजे कळलं. मी तर दिवसभर बघतो, मला विचारा.

व्हिसा संपला. निघायच्या सकाळी नीलेश आणि अनुजा बॅगा घेऊन खाली गेले होते. ज्ञानदा शाळेच्या बसमध्ये होती. विश्वासराव टोपी घालून माझ्यासमोर उभे राहिले.

"येतो रे."

आणि सवयीने थांबले.

तेव्हा माझ्याच गळ्यातून, म्हणजे आतल्या स्पीकरमधून, आवाज फुटला. एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी ज्ञानदा बसमधून मोबाईलवर म्हणत होती, "या, आजोबा. सावकाश या."

म्हाताऱ्याने टोपी काढली, डोळे पुसले, पुन्हा टोपी घातली आणि दार ओढून घेतलं.

आता दिवसभर माझ्यासमोर रिकामा सोफा असतो. माझा एखादा भाऊ तुमच्याही घरी असेल. त्याचा आवाज बंद ठेवू नका, एवढंच मागणं आहे. 'येतो' म्हणणाऱ्याला कुणीतरी 'या' म्हणावं लागतं, आणि ते आम्हाला जमत नाही.